पाचवी गरज

सदर अर्जदार कुमारी लॉरेटा मे फिंचर. जन्म १९३८, सीडर फोर्क, आर्कन्सा, अमेरिका. वर्ण गोरा, उन्हाळ्यात तांबडा. उंची पाच फूट दहा इंच. ओळखीची खूण: डाव्या गुडघ्यावर घोड्यावरून पडल्याचा व्रण. व्यवसाय: बाप्टिस्ट मिशनरी. राज्यातील वास्तव्याचे स्वरूप: तात्पुरते. वास्तव्याचा एकूण कालावधी: एकोणतीस वर्षे. वास्तव्य स्वेच्छेने आहे काय: होय. मायदेशी परतण्याचा इरादा आहे काय: होय. सदर इराद्याचा पुरावा: एक सूटकेस, निळी.

अर्जातलं अक्षर माझं आहे. फिंचरबाई आमची सेसोथो भाषा आमच्यासारखीच बोलत, पण त्यांचं हस्ताक्षर सरकारला कधी वाचता आलं नाही, म्हणून दर दोन वर्षांनी त्यांच्या राहण्याच्या परवान्याचा अर्ज मी भरत असे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मंडळीचा चिटणीसही मीच होतो. पुराव्याच्या रकान्यात तिकीट किंवा बँकेचा कागद अपेक्षित असावा. बाईंकडे दोन्ही नव्हतं. "खरं असेल ते लिहा, न्ताते," त्या म्हणाल्या (आमच्यात मोठ्या पुरुषाला न्ताते म्हणतात आणि बाईला म्मे), म्हणून मी सूटकेस लिहिली. ती त्यांच्या पलंगाखाली होती. उंदीर शोधायला वाकलो तेव्हा मी ती पाहिली होती. कुलूप उघडं, आत एक लोकरी कोट आणि बुटांचा एक जोड, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

बाई १९६७ साली आमच्या गावात, हा-सेबिलीत, आल्या त्या दोन वर्षांसाठी. आमच्याकडे नवी सून घरात आली की तिला व्हायच्या मुलाचं नाव आधीच ठरतं आणि पहिल्या दिवसापासून तिला त्याची आई म्हणून हाक मारतात. बाई नवरा घेऊन आल्या नव्हत्या. पण एवढ्याशा कारणावरून एखाद्या बाईला बिननावाची ठेवणं आमच्या बायकांना पटेना. त्यांनी नाव दिलं मथापेलो, प्रार्थनेची आई. इतरांची मुलं उशिरा होतात, कधी होतही नाहीत. बाईंचं लेकरू रोज पहाटे पाचला उठून रडायला लागे आणि तासभर कुणाला झोपू देत नसे. त्यांची खोली चर्चला लागून, भिंत पातळ, आणि त्या मोठ्यानं प्रार्थना करत.

प्रार्थना संपली की गोवऱ्यांची चूल, मक्याचा पापा, दूध असलं तर दूध. तोवर दाराशी माणसं बसलेली. कुणाचा दात, कुणाला जोहान्सबर्गच्या खाणीतल्या नवऱ्याला पत्र लिहून हवं, कुणाची गाय अडलेली. मंगळवारी तान्ह्यांची वजनं. गुरुवारी बायकांची सभा. शनिवारी मुलांना कापडी फळ्यावर चित्रं चिकटवून गोष्टी. एकदा त्या फळ्यावर पांढरीशुभ्र मेंढरं लागली, तर आमची गुराखी पोरं विचारायला लागली, "म्मे, ही विकायला काढलीत का?" कारण त्याखेरीज मेंढरू धुवायचं कुणाला कारण नसतं. बाईंची पिकअप गाडी गावात एकटीच. तिच्यातून बायका बाळंतपणाला गेल्या, नवऱ्या सासरी गेल्या आणि म्हातारे परत आले, शवपेटीतून. एका शनिवारी तिन्ही कामं झाली आणि वाटेत फक्त फुलं बदलावी लागली.

हे सगळं दर महिन्याला पत्रातून बाईंच्या मायदेशी जाई. पत्राला साचा होता: तीन उपकार, पाच गरजा. उपकार म्हणजे देवानं काय केलं, गरजा म्हणजे त्यानं अजून काय करायचं बाकी आहे. गरजा पाचच का, तर सीडर फोर्कच्या चर्चमध्ये प्रार्थना करणाऱ्यांचे पाच गट होते, सोमवार ते शुक्रवार, आणि प्रत्येक गटाला कार्डावर एकेक गरज लिहून मिळे. १९७४ साली एकदा बाईंनी चारच पाठवल्या. शुक्रवारच्या गटाकडून पत्र आलं, आमच्या हातून काही चूक झाली का? त्यानंतर पाचाच्या चार कधी झाल्या नाहीत. गाडीचा क्लच, गारा, चर्चच्या छताचे पत्रे, बर्फात अडकलेलं औषध. काहीच नसलं तर शेळ्यांची खरूज.

आणखी एक नियम बाईंचा स्वतःचा होता. समुद्रापलीकडं आमच्याबद्दल जे जाईल ते आधी आमच्या तोंडावर वाचलं जाईल. पत्र सोमवारच्या बसनं जाई आणि रविवारी चर्चमध्ये त्याचं सेसोथोत वाचन होई. लोक दुरुस्त्या सुचवत. न्ताते खाबेले उठून म्हणाले होते, "माझी दारू लिहा, माझी हरकत नाही. पण 'रोज' काढा." बाईंनी 'रोज' काढलं. नियम चांगलाच होता. त्यात फक्त एवढी अडचण होती की चारचौघांत वाचता येणार नाही अशी गरज मागायची सोय बाईंना राहिली नव्हती.

१९९६ च्या जूनमध्ये तशी एक गरज आली. धाकटी बहीण ओपल, सीडर फोर्कलाच राहणारी, तिचं पत्र. बाईंनी ते मला वाचून दाखवलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. एकट्यानं वाचवेना म्हणून असेल.

"'डाव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो,'" बाई वाचत होत्या. "'उजव्याला जाहिरातीतली मोठी अक्षरं. डॉक्टर म्हणतो नाताळपर्यंत उजवाही जाईल. तू गेल्या खेपेला आलीस त्याला सहा वर्षं झाली. लवकर आलीस तर तू म्हातारी झालेली मला बघायला मिळेल. नाही आलीस तर तू माझ्यासाठी बावन्न वर्षांचीच राहशील, आणि तेवढी चैन मी तुला करू देणार नाही. मागची खोली रिकामी आहे.'"

"मग जा ना, म्मे," मी म्हणालो.

"सुट्टीवर जायला बदली माणूस लागतो."

बदली माणूस आम्ही पाहिला होता. दोन वर्षांपूर्वी एक तरुण जोडपं आलं होतं. हवा विरळ आहे असं म्हणत चार महिन्यांत गेलं. हवा खरोखर विरळ आहे, त्यांचं काही खोटं नव्हतं.

"मग कायमच्याच जा."

"कायमचं जायला मिशनच्या संस्थेला तीन कारणं चालतात. आजारपण, पासष्ट वर्षं, किंवा दार बंद होणं."

बाई अठ्ठावन्नच्या आणि खेचरासारख्या धडधाकट. राहिलं दार. म्हणजे सरकारनं परवाना नाकारणं. आणि परवाना एकतीस ऑगस्टला संपत होता.

म्हणून जुलैत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही अर्जाला बसलो तेव्हा चौदाव्या रकान्यापाशी जे झालं त्याचं मला फार आश्चर्य वाटलं नाही. बाहेर बर्फ होतं, जुलै म्हणजे आमचा ऐन हिवाळा. रकान्यात प्रश्न होता: सदर काम करण्यास या देशाचा नागरिक सक्षम आहे काय? एकोणतीस वर्षं आम्ही तिथं 'नाही' लिहीत आलो होतो. देशातला प्रत्येक परदेशी तेच लिहितो. त्या वर्षी तर कचेरी कडक झाली होती. खालच्या खोऱ्यातल्या मिशनचे दोघं परत गेले होते.

"'होय' लिहा," बाई म्हणाल्या.

"होय?"

"मापुलेंगला सगळं येतं. दात, बाळंतपण, प्रवचन. माझ्यापेक्षा बरं प्रवचन करते."

म्मे मापुलेंग आमच्या मंडळीची सेविका, पुलेंगची आई, रुंद बांध्याची आणि त्याहून रुंद आवाजाची. तिला सगळं येतं हे खरंच होतं.

"गाडी येत नाही," मी म्हणालो.

"गाडी शिकता येते."

"मग 'होय, गाडी सोडून' लिहू?"

"'होय' लिहा, न्ताते मोखेले. खरं तेच लिहा."

त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. देवानं उघडलेलं दार माणसानं लावू नये, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. पण दाराखाली इतकी वर्षं घातलेली पाचर काढून घेऊ नये असं कुठं शिकवलं नव्हतं. मी 'होय' लिहिलं. शिक्का मारला. अर्ज गेला.

आणि मग पत्र आलं. म्हणजे आमचंच, महिन्याचं.

शनिवारी दुपारी मी टाइपरायटरवर बसलो होतो. चार गरजा झाल्या होत्या. बाई पलीकडच्या खोलीत एका पोरीच्या हाताला टाके घालत होत्या, पोरगी किंचाळत होती, तिची आई पोरीपेक्षा जास्त.

"म्मे, पाचवी?" मी ओरडून विचारलं.

"परवाना!" बाई ओरडून म्हणाल्या. "अगं हात हलवू नकोस!"

एक वर्षाआड जुलैत पाचवी गरज तीच असे. एकोणतीस वर्षांची सवय. बाईंच्या तोंडानं ती डोक्याला न विचारता बाहेर पडली. मी मात्र टाके घालत नव्हतो. मला थांबता आलं असतं. मी टाइप केलं: परवान्याचं नूतनीकरण व्हावं म्हणून. बोट अडखळलं नाही, हेही इथं नोंदवून ठेवतो.

रविवारी बाई पत्र घेऊन उभ्या राहिल्या. पहिली गरज, दुसरी, तिसरी, चौथी. मग थांबल्या. कागदाकडे बघत राहिल्या. मी पहिल्या बाकावर माझ्या टोपीचं अस्तर तपासत होतो. गाळता आलं असतं. पण कागदावर एक आणि तोंडात दुसरं, असं त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि त्या वयात कुणी शिकत नाही.

"पाचवी," त्या म्हणाल्या, "माझा परवाना."

मागच्या बाकावरून न्खोनो माचेलिसो उठली. वय एकोणऐंशी, दात दोन, गावातली सगळ्यांची आजी. "परवाना? का, काय झालंय परवान्याला?"

"यंदा देत नाहीत, न्खोनो," मापुलेंग म्हणाली. "खालच्या मिशनच्या दोघांना हाकललं."

"त्यांना हाकललं ते बरं केलं, त्यांना गाता येत नव्हतं. पण हिला?"

"हिलाही हाकलतील."

न्खोनोनं चर्चभर नजर फिरवली. "मग बसलात काय शेंगा सोलायला आल्यासारखे?"

त्या दिवसापासून साखळी सुरू झाली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत प्रत्येक घराकडे एक तास. चर्चबाहेर पीचच्या झाडाला रुळाचा एक लोखंडी तुकडा टांगलेला आहे, तीच आमची घंटा. तास संपला की ज्या घराचा तास त्यानं येऊन ती ठोकायची, पुढच्या घरानं गुडघे टेकायचे. झाड बाईंच्या खिडकीपासून दहा पावलांवर. आधी त्यांना पहाटे एकदाच देवासमोर जावं लागे, आता तासातासाला आठवण होई की सगळं गाव त्यांच्यासाठी काय मागतंय. त्या तान्ह्यांची वजनं करत आणि घंटा होई. पापा ढवळत आणि घंटा होई. एकदा मी बघितलं, घंटा झाली तशी त्यांनी ढवळणं थांबवलं आणि डाव पातेल्यात तसाच धरून उभ्या राहिल्या, पापा लागेपर्यंत.

मोरेना मालेबोहांग, आमची प्रमुख, तिनं गावसभा बोलावली. सरकारला चार पानं लिहिली. त्यात बाईंचे इतके गुण होते की बाईंना त्यांतल्या दोघातिघांची ओळखही नसावी. सीडर फोर्कहून तार आली: पाचही गट उपास करत आहेत. शुक्रवारच्या गटानं आपल्या वाट्याची गरज इतरांनाही वाटली होती.

गुरुवारी बायकांच्या सभेत मी शेगडीचं धुराडं दुरुस्त करत होतो, म्हणून पुढचं मी ऐकलं. न्खोनो माचेलिसो म्हणाली, "आज मथापेलो, तूच कर. काम तुझं आणि ओझं आम्हीच वाहायचं होय?"

बायका हसल्या. मग सगळ्यांनी डोळे मिटले.

बाई उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. हे नवीन होतं. "प्रभू," त्या म्हणाल्या, "तुला माहीत आहे." शेगडीत गोवरी तडकली. "तुला माहीत आहे. या बायांनाही तू ओळखतोस. तुला योग्य दिसेल ते कर."

"आमेन!" बायका एकदम ओरडल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "बघा, काय नम्रता आहे!" मापुलेंगनं मात्र आमेन म्हणताना एक डोळा उघडला होता. मला तो दिसला, कारण माझे दोन्ही उघडे होते.

सभा संपल्यावर बायका गेल्या. बाई बाक सरळ करत होत्या.

"सांगून टाका, म्मे," मी म्हणालो.

"काय सांगू?"

"जायचंय म्हणून."

"आणि प्रार्थना थांबवा म्हणून?" बाईंनी बाक सोडला. "माचेलिसो काल मला काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, मी देवाकडे आजवर स्वतःसाठी काही मागितलं नाही. पाऊस सगळेच मागतात, त्यात माझं वेगळं काय? नवरा खाणीत गाडला गेला तेव्हा माझा बाप्तिस्मा झाला नव्हता, कुणाकडे मागायचं ते माहीत नव्हतं. हे पहिलंच मागतेय, म्हणाली. बघू देतो का. एकोणऐंशी वर्षांत पहिलं मागणं, न्ताते. त्या बाईला मी सांगू की मागू नकोस, मी त्याच्याकडे उलटं मागितलंय?"

"मागितलंय?"

"नाही ना," त्या म्हणाल्या. "तेच तर. मागायची छाती झाली नाही. नुसता रकाना भरला."

आता परवाना नाही मिळाला तर न्खोनोचा देव जाणार, मिळाला तर ओपलचे डोळे. मी टोपी घातली. पीचखाली खाबेले घंटा ठोकत होते. त्या आठवड्यात त्यांनी दारू सोडली होती, तास चुकू नये म्हणून.

उत्तर आलं नाही तेव्हा, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, बारा बायका राजधानीला निघाल्या. मला कागदांसाठी नेलं. बसमध्ये त्यांनी घाट संपेपर्यंत गाणी म्हटली. कचेरीच्या पायऱ्यांवर अंगावरच्या घोंगड्या सावरून बसल्या आणि तिथंही तेच. पहिल्या दिवशी शिपायानं उठवलं. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. बायकांतून मापुलेंग आणि न्खोनो, आणि मी.

साहेब तरुण होते. टायवर चहाचा डाग. समोर आमचा अर्ज.

"तुमची ही बाई," ते म्हणाले, "स्वतःच लिहिते की हे काम नागरिकाला जमतं. चौदावा रकाना. मग मी परवाना कशाला देऊ?"

मापुलेंगनं माझ्याकडे बघितलं. न्खोनोनंही. अक्षर माझं आहे हे दोघींना ठाऊक होतं. या क्षणी मी म्हणू शकलो असतो की साहेब, तुम्ही बरोबर बोलताय, नाकारा. एका वाक्याचं काम होतं. मी टोपी हातात धरून उभा राहिलो. पिकअप गेली तर माझ्या बायकोला दर महिन्याला दवाखान्यात कोण नेणार, असा विचार माझ्या मनात आला. तो मी इथं लिहितो, कारण बाकी सगळ्यांचं लिहिलं आहे.

मापुलेंगनं घसा साफ केला. "साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"तुमचं काम दुसऱ्या कुणाला जमेल का?"

साहेब जरा चपापले. "माझं? कुणालाही जमेल."

"मग तुम्ही का बसलाय?"

शिपाई दाराआड खोकला. साहेबांनी आधी भुवया चढवल्या, मग हसायला लागले, ते बराच वेळ. डोळे पुसून म्हणाले, "अकरा वर्षं मी हे अर्ज वाचतोय. या रकान्यात कुणीही 'होय' लिहिलेलं नाही. घोड्याला नाल मारायला आलेला परदेशीसुद्धा 'नाही' लिहितो. खोटं न लिहिणारं एक माणूस तरी राहू दे देशात." त्यांनी शिक्का उचलला.

"दोन वर्षं?" मी विचारलं.

"आणि दोन वर्षांनी या परत माझ्या पायरीवर गाणार? कायमचा देतो."

मुदतीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: अमर्याद.

न्खोनो माचेलिसोनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही. तिनं तो उलटा धरून नीट बघितला आणि म्हणाली, "दिला की."

परतीच्या बसमध्ये बायका गात होत्या. मापुलेंग माझ्या शेजारी बसली.

"मास्तर, ते 'होय' तुमच्या डोक्यातलं का तिच्या?"

"तिच्या."

"कुणाला जमतं म्हणाली?"

"तुम्हाला."

घाट चढून होईपर्यंत ती बाहेर बघत होती. खाली सावलीत अजून बर्फ होतं आणि उन्हाच्या बाजूला पीच फुलायला लागले होते.

"तिला जायचं होतं," ती म्हणाली.

मी मांडीवरचे कागद सरळ केले.

"मग आपण हे काय केलं?"

"प्रार्थना," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो शब्द परत घेतला असता. मग म्हणाली, "गाडी शिकायला किती दिवस लागतात?"

गावात बायका किलकारत उतरल्या. ते ऐकूनच बाईंना कळलं. त्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. आमच्यात ज्याला आपलं म्हणायचं त्याच्या खांद्यावर घोंगडी घालतात. मोरेनानं नवीकोरी आणली होती, तपकिरी, मक्याच्या कणसांच्या नक्षीची. न्खोनो माचेलिसोनं ती बाईंच्या अंगावर घालून छातीशी मोठ्या पिनेनं टोचली. पीन दोनदा चुकली.

"घे," न्खोनो म्हणाली. "आता जा म्हटलं तरी जाता यायचं नाही तुला."

सगळे हसले. बाईही हसल्या. न्खोनोला त्यांनी मिठी मारली आणि खूप वेळ सोडलं नाही. म्हातारी त्यांच्या काखेत गुदमरत सगळ्यांना सांगत होती, "बघा, माझं पहिलंच मागणं. आणि दिलं!" ते खरंच होतं.

ओपलचं पत्र ऑक्टोबरात आलं. पाकिटावरचं अक्षर अनोळखी होतं, आतलंही. बाईंनी मला ते वाचायला दिलं.

"'शुक्रवारचा गट माझा, हे तू विसरलीस वाटतं,'" ओपलनं सांगून लिहवलं होतं. "'तुझं कार्ड आमच्याकडेच आलं. मला दिसेना, गटातल्या मार्जोरीनं वाचलं. खोटं कशाला सांगू, प्रार्थना मी अर्ध्याच मनानं केली. पण मार्जोरी कुठलीच गोष्ट अर्धी ठेवत नाही. 'नको' म्हणायचं असेल तर त्यासाठी तुम्ही कार्डावर जागा ठेवलेली नाही. अभिनंदन. हे मार्जोरीच लिहून घेते आहे, तेव्हा पुढचं मनात समज.'"

पुढच्या पत्रात पहिला उपकार परवाना. गरजा चार जमल्या. त्यांतली एक म्हणजे चर्चचं कुंपण, जे मापुलेंगनं गाडी शिकताना पहिल्याच दिवशी आडवं केलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं खाबेलेंचं केलं. संस्थेलाही बाईंनी लिहिलं होतं की आता इथं कोण काम बघू शकतं. संस्थेचं उत्तर फार प्रेमळ होतं. दार इतकं सताड उघडलेलं त्यांच्या पाहण्यात नव्हतं, आणि अशा दारातून कुणी बाहेर पडावं असं त्यांना वाटत नव्हतं.

"म्मे, पाचवी?" मी विचारलं. या वेळी बाई समोरच बसल्या होत्या, हात रिकामे.

"ओपलचे डोळे," त्या म्हणाल्या.

रविवारी त्यांनी ते वाचलं. मागच्या बाकावर जरा कुजबुज झाली आणि न्खोनो माचेलिसो उठली.

"ओपल कोण?"

"माझी बहीण."

"तुला बहीण आहे?" न्खोनो म्हणाली. मग सगळ्या चर्चला उद्देशून, "हिला बहीण आहे!" मापुलेंग मान खाली घालून बसली होती. दुपारपासून पुन्हा घंटा सुरू झाली. या खेपेला बाई स्वतः जाऊन साखळीतला एक तास मागून घेऊन आल्या.

नाताळनंतर आठवड्यानं मार्जोरीच्या अक्षरात दोन ओळी आल्या की उजवाही गेला, बाकी सगळं ठीक आहे आणि मागची खोली अजून रिकामीच आहे.

जानेवारीत म्मे मापुलेंगची पुलेंग नर्सिंग शिकायला राजधानीला निघाली. तिच्याकडे कपडे भरायला काही नव्हतं. निळी सूटकेस ती घेऊन गेली.